चुकीच्या उत्तरांचं टाचण

मराठी शाळेत हजेरीपटाच्या खालोखाल मान असतो तो टाचण वहीला. वर्ग, विषय, घटक, उपघटक, उद्दिष्टं, शैक्षणिक साहित्य, अध्ययन अनुभव, मूल्यमापन, स्वाध्याय असे रकाने आखलेले आणि तळाशी मुख्याध्यापकांची सही. केंद्रप्रमुख शाळाभेटीला आले की चहाच्या आधी वही मागतात. वही पूर्ण दिसली की शेरा चांगला पडतो. हल्ली छापील टाचण विकत मिळतं, व्हॉट्सअॅपच्या गटांवर त्याची पीडीएफही फिरते. त्यामुळे अकोले तालुक्यातल्या वाडीवरच्या शाळेचं टाचण आणि जामखेडच्या शाळेचं टाचण शब्दशः सारखं निघालं तरी कुणाला नवल वाटत नाही. दोन्हीकडची पोरं सारखी नसतात, ही गोष्ट मात्र वहीत कुठेच दिसत नाही.

टाचणाकडे हे असं कारकुनी काम म्हणून बघितलं जातं, यात शिक्षकांचा दोष कमी आणि वही तपासण्याच्या पद्धतीचा जास्त. जे तपासलं जातं तेच माणूस नीट करतो. आपण तपासतो रकाने भरलेत की नाही ते. आपल्याला हवं असतं ते वेगळंच: उद्याच्या तासाला कोणतं मूल कुठे अडखळेल याचा शिक्षकाने आज केलेला अंदाज, आणि ते अडखळलं की काय करायचं याची तयारी. पाठनियोजनाबद्दल जगभरात जे काही लिहिलं गेलंय, त्याचा गाभा माझ्या मते एवढाच आहे.

रकान्यांची ही चौकट आली कुठून, तेही पाहून घेऊ. योहान हर्बार्ट नावाचे जर्मन तत्त्वज्ञ १७७६ ते १८४१ या काळात होऊन गेले. नवीन कल्पना मनात आधीच असलेल्या कल्पनांना चिकटली तरच टिकते, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या शिष्यांनी पुढे त्याच्या पाच पायऱ्या केल्या: पूर्वतयारी, सादरीकरण, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन. विसाव्या शतकात अध्यापक विद्यालयांमधून ही शिडी आपल्याकडे रुजली. डी.एड., बी.एड.च्या सराव पाठात छात्राध्यापक घाबराघुबरा होऊन प्रस्तावनेचे चार प्रश्न विचारतो, पाचव्या प्रश्नाला मुलं ठरल्याप्रमाणे निरुत्तर होतात, आणि मग तो हेतुकथन करतो, 'आज आपण अमुक घटकाचा अभ्यास करणार आहोत.' हा सगळा हर्बार्टपंथाचाच अवशेष. मूळ विचार मुलाच्या मनात आधी काय आहे ते शोधण्याचा होता. त्याचा विधी झाला आणि शोध मागे पडला.

या प्रकरणातली उदाहरणं नगर जिल्ह्यातली आहेत. कागदोपत्री आता अहिल्यानगर. बोलताना लोक अजून नगरच म्हणतात. क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा, चौदा तालुक्यांचा हा जिल्हा. पश्चिमेला सह्याद्रीतली आदिवासी गावं, मध्ये उसाचा आणि साखर कारखान्यांचा पट्टा, पूर्वेला आणि दक्षिणेला दुष्काळी माळरान. एकच छापील टाचण सगळीकडे का चालत नाही, हे बघायला यापेक्षा चांगली जागा शोधून सापडणार नाही.

शिवाय शिकवणं हे शिकावं लागतं, ही गोष्ट या जिल्ह्याने फार लवकर पाहिली. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार १८२७ साली मुंबईत आल्या आणि १८३९ पासून १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत नगरला मुलींच्या शाळा चालवत राहिल्या. जोतीराव फुल्यांनी या शाळा पाहिल्या होत्या, आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढताना ते चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. सावित्रीबाईंनी नगरला फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतल्याचं त्यांच्या चरित्रांत येतं. त्या काळी गावच्या पंतोजीला कुणी असलं काही विचारत नसे. त्याला अक्षरं येत, पावकी-निमकी-दिडकी तोंडपाठ असे, हातात छडी असे. तेवढ्यावर शाळा चाले. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी प्राथमिक शाळेतला शिक्षक प्रशिक्षित असावा, तो शेतकरी समाजातला असावा, वेळ पडली तर त्याने नांगराची मूठ किंवा सुताराचं वाकस हातात धरावं, अशी मागणी केली. पगार किमान बारा रुपये असावा, हेही सांगितलं. नांगराच्या मुठीचा हा मुद्दा भाषणांत भावनेच्या भरात सांगितला जातो. मला त्यात रोकडा व्यवहार दिसतो: ज्याला मुलाच्या घरचं जग ठाऊक नाही, त्याला मुलाच्या डोक्यात आधीपासून काय आहे ते कळणार कसं?

आता वर्गात जाऊ. पर्जन्यछायेचा प्रदेश हा भूगोलाचा घटक घ्या. छापील टाचणात उद्दिष्ट असतं: 'विद्यार्थ्यांना पर्जन्यछायेच्या प्रदेशाची माहिती देणे.' हे उद्दिष्ट घंटा झाली की आपोआप पुरं होतं. शिक्षकाने माहिती दिली, विषय संपला. मुलाने ती घेतली का, हे त्या वाक्यात कुणी विचारतच नाही. आता तेच असं लिहून पाहा: 'तास संपताना प्रत्येक मूल पुस्तक मिटून आकृती काढेल आणि घाटघरला पाऊस कोसळतो, पण पाथर्डीला का कोसळत नाही, हे आपल्या शब्दांत सांगेल.' पहिल्या वाक्यात काम शिक्षकाचं होतं, दुसऱ्यात ते मुलाचं झालं. आणि मुख्य म्हणजे ते झालं की नाही, हे शिक्षकाला डोळ्यांनी बघता येतं. उद्दिष्ट म्हणजे काय, यावर बी.एड.च्या पुस्तकात पानंच्या पानं असतात. माझ्या मते ही एवढी कसोटी पुरेशी आहे.

या धड्यासाठी नगरच्या मुलांना नकाशातलं कुठलं लांबचं ठिकाण दाखवायची गरज नाही. राज्यातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटरचं कळसूबाई, याच जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात आहे. त्याच्या आसपास घाटघर, रतनवाडीकडे वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. घाटघरला तर जिल्ह्याची चेरापुंजीच म्हणतात. तिथून शे-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला नगर शहराच्या बाजूला आलं की पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास येतो. जिल्हा एकच, पावसाळाही एकच.

इथे चांगल्या शिक्षकाचं टाचण वेगळं दिसायला लागतं. त्याला अनुभवाने माहीत असतं की मुलं म्हणणार, 'डोंगर ढग अडवतो.' पुस्तकी भाषेतही 'अडवतो' हाच शब्द येतो, त्यामुळे उत्तरपत्रिकेत त्याला पूर्ण गुणही मिळतात. मुलाच्या डोक्यात मात्र चित्र असतं भिंतीचं: ढग आले, भिंतीला धडकले, पलीकडे थांबले. हे चित्र मोडायला एक प्रश्न पुरतो, आणि तो नगरच्याच मुलांना विचारता येतो. 'डोंगराने ढग अडवले, तर जुलैत आपल्या आभाळात दिवसदिवसभर ढग पळत असतात, ते आले कुठून?' वर्ग गप्प होतो. कारण हे प्रत्येकाने पाहिलंय. ढग येतात, सावली पडते, बाप आभाळाकडे बघतो, आणि ढग तसेच पुढे निघून जातात.

आता कारण सांगायला जागा तयार झाली. समुद्रावरून आलेली दमट हवा डोंगर चढते, वर जाताना थंड होते, थंड हवेत बाष्प कमी मावतं, म्हणून त्याचं पाणी होऊन तिथेच कोसळतं. घाटमाथा ओलांडून हवा खाली उतरू लागली की पुन्हा तापते, उरलेलं बाष्प तिच्यात मावून जातं, ढग विरळ होतात. हे ऐकल्यावर प्रत्येक मुलाने समुद्र, कोकण, घाट, अकोले, संगमनेर, नगर, पाथर्डी अशी आडवी रेघ काढायची, वाऱ्याचा बाण दाखवायचा आणि हवा कुठे थंड होते, कुठे तापते ते लिहायचं. शिक्षकाने या वेळी खुर्चीत बसायचं नाही, बाकांमधून फिरायचं. कुणाच्या आकृतीत बाण डोंगराला आपटून थांबलाय, हे तिथेच दिसतं.

या धड्यात एक मोह असतो. अकोल्याकडच्या त्या पावसाचं पुढे काय होतं, हे सांगावंसं वाटतं. १९२६ साली पुरं झालेलं भंडारदऱ्याचं धरण, प्रवरेचे कालवे, त्यावर पिकलेला ऊस, १९५० चा प्रवरानगरचा सहकारी कारखाना, टोक्याजवळ प्रवरासंगमला गोदावरीला मिळणारं पाणी, आणि मग जायकवाडीला किती सोडायचं यावरचे दरवर्षीचे वाद. पाऊस तिकडे, ऊस इकडे! विषय असा आहे की शिक्षक बोलतच राहील आणि मुलंही कान टवकारतील. पण पस्तीस-चाळीस मिनिटांत दोन्ही गोष्टी बसत नाहीत, आणि बसवल्या तर मुलांच्या हाती एकही लागत नाही. आजच्या तासाला काय घ्यायचं नाही, हेही टाचणातच ठरवायचं असतं. हुशार आणि वाचन असलेल्या शिक्षकांचे तास फसतात ते बहुतेक वेळा इथे. कमी माहिती असलेल्याचा तास त्यामानाने आटोपशीर होतो, हे जरा विचित्र वाटेल, पण खरं आहे.

'ज्ञाताकडून अज्ञाताकडे', 'मूर्ताकडून अमूर्ताकडे', 'सोप्याकडून कठीणाकडे' ही अध्यापनाची सूत्रं डी.एड.ला पाठ करून घेतात. ती परदेशी शिक्षणशास्त्रज्ञांच्या नावावर सांगितली जातात, याची मला गंमत वाटते. याच जिल्ह्यात, नेवाशाला, शके १२१२ मध्ये सातशे श्लोकांच्या गीतेवर सुमारे नऊ हजार ओव्यांचं भाष्य सांगितलं गेलं. ज्या श्रोत्यांना संस्कृत येत नव्हतं, त्यांच्यापुढे अद्वैतासारखा विषय मांडायचा तर दिवा, पाणी, सोनं, बीज, आई आणि लेकरू यांच्यावाचून दुसरी वाट नव्हती. तिथे एका दृष्टांताने काम भागत नाही असं दिसलं की दुसरा येतो, मग तिसरा. ऐकणाऱ्याला कळेपर्यंत वाट बदलत राहायची, हा त्यातला शिक्षकी भाग. ज्ञानेश्वरीकडे अध्यापनाचा नमुना म्हणून अध्यापक विद्यालयांत कधीतरी बघायला हवं.

गणितात मात्र दृष्टांतावर भागत नाही. तिथे चूक नेमकी कुठे होते ते अंकांतच लिहिलेलं असतं, फक्त वाचता आलं पाहिजे. तिसरी-चौथीच्या वर्गात फळ्यावर ४०५ वजा १७८ लिहा आणि मुलांना पाटीवर सोडवायला सांगा. बरोबर उत्तर २२७. पण पाट्या वर झाल्या की साधारण तीन चुकीची उत्तरं दिसतात: ३७३, २०७ आणि १३७.

बहुतेक ठिकाणी तिन्ही मुलांना एकच उपाय मिळतो: 'नीट लक्ष दे, पुन्हा कर.' पण ही तीन मुलं तीन वेगळ्या ठिकाणी उभी आहेत. ३७३ लिहिणाऱ्याने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलाय: आठातून पाच तीन, सातातून शून्य सात, चारातून एक तीन. वरच्या संख्येतून खालची संख्या काढायची आहे, हेच त्याला उमगलेलं नाही. त्याच्या लेखी प्रत्येक घरातले दोन अंक म्हणजे एक सुटं उदाहरण. त्याला तीन अंकी गणितात ठेवून उपयोग नाही. ३२ वजा १८ वर, काड्यांच्या गठ्ठ्यांवर परत आणायला हवं. २०७ वाल्याने एककासाठी उसना घेतला, पंधरातून आठ सात बरोबर केले, आणि दशकाच्या घरात आल्यावर म्हणाला, शून्यात काहीच नाही, मग सात काढणार कशातून? शून्यच राहणार. त्याच्या दृष्टीने हे तर्काला धरूनच आहे. आणि १३७ वाला या दोघांपेक्षा बराच पुढे आहे. त्याला उसना घेणं येतं. त्याने फक्त शून्याचं घर ओलांडून थेट शतकातून एक आणला आणि एककाला त्याचे दहाच केले. मग दशकासाठी पुन्हा शतकाकडे गेला. त्याचं उत्तर बरोबर उत्तरापेक्षा नेमकं ९० ने कमी आहे, आणि ते का, हे नोटा हातात दिल्या की कळतं.

खेळातल्या नोटा घ्या. ४०५ रुपये म्हणजे शंभराच्या चार नोटा आणि रुपयाची पाच नाणी; दहाची एकही नोट नाही. दुकानदाराला १७८ द्यायचेत. एक मूल दुकानदार, एक बँकवाला. मूल शंभराची नोट घेऊन बँकेत जातं. १३७ वाल्याने केलं होतं ते असं: शंभराची नोट दिली आणि बदल्यात दहा नाणी घेतली. वर्गातलं कुणीतरी लगेच ओरडतं, 'नव्वद रुपयांना फसला!' मग बरोबर व्यवहार होतो. शंभराच्या बदल्यात दहाच्या दहा नोटा. त्यातली एक नोट मोडून दहा नाणी. आता हातात शंभराच्या तीन, दहाच्या नऊ आणि पंधरा नाणी. त्यातून १७८ सरळ देता येतात, दोन, दोन आणि सात उरतात. वहीत शून्याच्या डोक्यावर जो नऊ लिहायला शिकवतात, तो कुठून आला हे त्या क्षणी दिसतं. एरवी तो नऊ मुलांना जादूचाच वाटतो.

यात घरचीही भर असते. जुन्या पिढीतले अनेक जण वजाबाकी वेगळ्या रीतीने करतात: वरच्या अंकात दहा मिळवायचे आणि खालच्या पुढच्या अंकात एक. ती रीत पूर्ण बरोबर आहे. पण शाळेत एक आणि आजोबांकडे दुसरी, अशा दोन रीतींची सरमिसळ झाली की मूल गोंधळतं. 'घरी कुणी शिकवलं?' असं दरडावून विचारण्यापेक्षा 'तुझे आजोबा कसं करतात ते फळ्यावर करून दाखव' म्हटलं तर गणितही होतं आणि आजोबांचा मानही राहतो.

हे सगळं व्हायचं तर मुलांची उत्तरं शिक्षकाला दिसली पाहिजेत. आणि आपल्या वर्गातला सगळ्यात लाडका प्रश्न असा आहे, की ज्याच्या उत्तरातून काहीच दिसत नाही: 'समजलं का सगळ्यांना?' त्यावर सगळा वर्ग एका सुरात 'होऽऽ' म्हणतो. तो होकार गणिताचा नसतो, गुरुजींच्या आवाजाला दिलेली ती दाद असते. दुसरा प्रकार म्हणजे पुढच्या बाकावरच्या त्याच चार हातांना उत्तर विचारत जायचं आणि वर्ग चांगला चाललाय असं समजायचं. पाटी या बाबतीत फार कामाची वस्तू आहे. सगळ्यांनी लिहायचं, 'पाट्या वर' म्हटलं की सगळ्यांनी एकदम दाखवायचं. अर्ध्या मिनिटात पूर्ण वर्ग वाचून होतो. पाटी-पेन्सिल गेली आणि वह्या आल्या तेव्हा आपण काहीतरी गमावलं, असं मला वाटतं.

तोंडी प्रश्नांबाबत मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेचं काम प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवण्यासारखं आहे. १९७०च्या दशकात त्यांनी वर्गांची ध्वनिमुद्रणं ऐकून मोजलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती वेळ थांबतो. सरासरी निघाली सेकंदाच्या आसपास. मग तो स्वतःच उत्तर देतो किंवा दुसऱ्या मुलाकडे वळतो. तेच शिक्षक तीन सेकंद किंवा थोडं जास्त थांबायला शिकले, तेव्हा उत्तरं लांबली, 'माहीत नाही' कमी झालं, आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. वर्गासमोर उभं राहून गप्प बसून पाहा, मग कळेल. आणि प्रश्न आधी, नाव नंतर. 'गणेश, सांग बरं...' असं सुरू केलं की बाकीच्यांची सुट्टी झाली.

काल कळलेलं आज आठवेल, याची हमी नाही. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं, की पाठ केलेलं सुरुवातीला फार झपाट्याने विसरलं जातं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एकाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवून लिहिणारे. आपल्या शाळांतली उजळणी याच्या जवळ येते, पण सगळ्यांनी मिळून सुरात म्हटली की त्यात एकट्याने आठवण्याचा भाग राहत नाही. तासाची पहिली पाच मिनिटं पुस्तक मिटून काल काय शिकलो, गेल्या आठवड्यात काय शिकलो, यातले दोन-तीन प्रश्न पाटीवर. टाचणात याला कायमची जागा असावी. हा भाग कंटाळवाणा आहे, आणि म्हणूनच तो सगळ्यात आधी गाळला जातो.

नगर जिल्ह्याच्या पूर्व भागात विसरण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते कुठल्याही मानसशास्त्राच्या पुस्तकात नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची हजारो कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. काही मुलं हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांकडे राहतात. बरीचशी टोळीबरोबर जातात, फडावर धाकट्या भावंडांना सांभाळतात, साखरशाळा मिळाली तर मिळाली. त्यांच्या दृष्टीने शाळेचं वर्ष जूनपासून दिवाळीपर्यंतच असतं. वार्षिक नियोजन मात्र पुस्तकातल्या धड्यांच्या क्रमाने लिहिलं जातं, जणू सगळी मुलं एप्रिलपर्यंत त्याच बाकावर बसणार आहेत. अशा गावात वार्षिक नियोजन उलटं करावं लागतं. ज्यावर पुढचं सगळं उभं राहतं ते आधी: संख्येची स्थानिक किंमत, जोडाक्षरांसह सलग वाचन, वजाबाकीतला उसना. ते दिवाळीच्या आधी पक्कं झालं, तर मूल फडावरही कागदाचा तुकडा वाचत राहतं. आणि मार्चमध्ये परत आल्यावर पहिलं काम पुढचा धडा गाठणं हे नाही. पाटी देऊन ते कुठे उभं आहे, हे पाहणं आहे.

दोन शिक्षकांच्या शाळांचा प्रश्नही नियोजनाचाच आहे. शिक्षणाच्या हक्काच्या २००९च्या कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक धरले आहेत. वाडीवस्तीवर याचा अर्थ एका शिक्षकाकडे एकाच खोलीत दोन किंवा तीन इयत्ता. तिथे एका वर्गाचं टाचण लिहून काहीच साधत नाही. तिसरीला नवीन शिकवत असताना पहिली काय करणार, आणि ते काम शिक्षकाला न विचारता करता येण्यासारखं आहे का, हे मिनिटांसकट ठरवावं लागतं. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवण्याची रीत इथे कामी येते. ती आपल्याकडे जुनीच आहे. अँड्र्यू बेल यांनी मद्रासमध्ये वाळूत अक्षरं गिरवून एकमेकांना शिकवणारी मुलं पाहिली आणि १७९७ मध्ये त्यावर पुस्तिका छापली. इंग्लंडात तिचा मोठा गाजावाजा झाला. फक्त मोठ्या मुलाला फुकटचा मास्तर समजू नये. त्याला शिकवायला लावायचं ते त्यालाही पक्कं व्हावं म्हणून. त्याचा स्वतःचा धडा बुडवून तो रोज पहिलीला सांभाळत असेल, तर ती त्याची फसवणूक आहे.

याच कायद्यात शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास धरले आहेत, आणि त्यात पूर्वतयारीचा वेळ स्पष्टपणे मोजलाय. म्हणजे उद्याच्या तासाचा विचार करणं हे कायद्याने शिक्षकाचं काम आहे, घरी जाऊन जेवण झाल्यावर उरकायची हौस नाही. प्रत्यक्षात तो वेळ पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती आणि सर्वेक्षणं खाऊन टाकतात. ज्यांना चांगले धडे हवेत त्यांनी आधी हा वेळ शिक्षकाला परत द्यावा. मग वह्या तपासाव्यात.

तोवर एक गोष्ट मात्र कुणाच्याही परवानगीशिवाय करता येते. केंद्रस्तरावरच्या शिक्षण परिषदेत परिपत्रकं वाचण्यात जो वेळ जातो, त्यातला तासभर एकाच धड्याला द्यावा. शिक्षकांनी आपापल्या वर्गातल्या मुलांची चुकीची उत्तरं कागदावर आणावीत, नावं झाकून, आणि मूल काय विचार करत होतं ते मिळून शोधावं. जपानमध्ये शिक्षक गटाने एक धडा आखतात, एक जण शिकवतो, बाकीचे मागे बसून शिक्षकाकडे नाही तर मुलांकडे बघतात, आणि मग धडा दुरुस्त करतात. जुग्यो केनक्यू नावाची ही पद्धत तिथे शतकाहून जुनी आहे. तिला प्रोजेक्टर लागत नाही, निधी लागत नाही.

आणि टाचण वहीत एक रकाना वाढवा: 'मुलं कुठे चुकतील'. रोज तीन ओळी पुरेत. केंद्रप्रमुख साहेबांना विनंती एवढीच, की वही हातात आली की सहीच्या आधी हा रकाना वाचा, आणि तो कोरा असेल तरच शेरा मारा.